दुःखाचं करायचं काय? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर, सोप्या भाषेत

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन या वेळात पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या मराठी चर्चमध्ये डोकावलं, तर बहुतेक ठिकाणी एक लांबलचक उपासना चाललेली दिसते. वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, खिळलेला असताना येशू जी सात वाक्यं बोलला, त्यांवर एकामागून एक प्रवचनं होतात. त्यांना 'सात उद्गार' म्हणतात. डोक्यावर पंखे फिरत असतात, पोरं पेंगत असतात, मधूनच कुणी बाहेर जाऊन पाणी पिऊन येतं. बरोबर मधला, चौथा उद्गार असा आहे: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

ख्रिस्ती नसलेला माणूस इथे बुचकळ्यात पडतो. ज्याला हे लोक देवाचा पुत्र मानतात, तोच मरताना देवाला जाब विचारतो? आणि हेच लोक कुणाच्या मयताला गेले की "यात देवाची काहीतरी योजना असेल" असंही म्हणतात. मग हा धर्म दुःखाबद्दल सांगतो तरी काय? दुःख देव देतो? ते चांगलं असतं? सोसलं की पुण्य लागतं?

खरं सांगायचं तर चर्चमध्ये जन्म गेलेल्या अनेकांनाही हे नीट उलगडून सांगता येत नाही. या विषयावर बोलणारी बरीचशी मंडळी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, म्हणून घोटाळा होतो. आपण पहिल्या पायरीपासून जाऊ.

आधीचा प्रश्न: हे कुणाच्या पापामुळे?

आपल्याकडे घरात काही वाईट घडलं की शेजारपाजारी कुजबुज सुरू होते. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." ख्रिस्ती वस्तीत पुनर्जन्म मानत नाहीत, म्हणून तिथे वाक्य थोडं बदलतं: "घरात काहीतरी पाप घडलं असेल." कर्मसिद्धांताची शास्त्रशुद्ध मांडणी याहून बरीच खोल आहे, तो वेगळा विषय. मी बोलतोय ते ओट्यावर बसून केल्या जाणाऱ्या निदानाबद्दल.

येशूच्या शिष्यांनीही हेच निदान केलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची हकिगत), नवव्या अध्यायात, त्यांना रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या शुभवर्तमानात अशीच आणखी एक गोष्ट आहे. यरुशलेममध्ये शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू ऐकणाऱ्यांना विचारतो, ती अठरा माणसं शहरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही.

याचा अर्थ कर्माचं फळ नसतंच असा नाही. वर्षानुवर्षं दारू प्यायली तर यकृत खराब होणार, हे बायबलही नाकारत नाही. पण समोरच्याचं दुःख पाहून मागे जाऊन त्याच्या पापाचा हिशेब काढायचा, हा रस्ता येशूने बंद केला आहे.

जन्मांधाच्या गोष्टीतलं पुढचं वाक्य मात्र अवघड आहे. देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हे झालं, असं येशू म्हणतो. चिकित्सक वाचक लगेच विचारेल: म्हणजे देवाने आपला मोठेपणा दाखवायला एका बाळाला आंधळं जन्माला घातलं? या वाक्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला स्वतःला येशू त्यानंतर काय करतो ते जास्त बोलकं वाटतं. तो जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांचं लक्ष झालं ते कशामुळे याकडे होतं. येशूचं लक्ष आता या माणसाचं काय करता येईल याकडे आहे.

देवाची योजना म्हणजे देवानेच घडवलं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. येशूनंतर त्याचा संदेश पसरवणाऱ्या पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात एक प्रसिद्ध वाक्य आहे: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर ते हमखास असतं. त्यावरून लोक धरून चालतात की प्रत्येक वाईट गोष्ट देवाने मुद्दाम, काहीतरी साधायचं म्हणून, पाठवलेली असते.

गोधडी आठवा. गोधडी शिवायची म्हणून कुणी नवं लुगडं फाडत नाही. लुगडं आपल्या कारणांनी फाटतं, विरतं, खिळ्याला अडकतं. पण घरात शिवणारी आजी असली तर त्या चिंध्या वाया जात नाहीत. लुगडं फाटलं ते बरंच झालं असं ती आजी कधी म्हणत नाही. पौलाच्या वाक्याचा बहुतेक ख्रिस्ती परंपरांना मान्य होईल असा अर्थ या अंगाने जातो: सगळ्याच गोष्टी चांगल्या असतात असं तो म्हणत नाही, त्या सगळ्या मिळून देव काहीतरी शिवतो असं म्हणतो. काही कडव्या पंथांत प्रत्येक घटना देवाने आधीच नेमलेली असते असंही मानतात. पण तेही वाईटाला चांगलं म्हणत नाहीत.

जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातल्या, योसेफाची गोष्ट यासाठी नेहमी सांगितली जाते. भावांनी त्याला आधी कोरड्या विहिरीत टाकलं, मग गुलाम म्हणून विकलं, तो मिसर देशात तुरुंगात पडला, पुढे तिथलाच मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याने त्याच भावांना धान्य दिलं. शेवटी तो त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. हे वाक्य कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं, ते पाहा. ज्याने सोसलं त्याने, स्वतःबद्दल, कितीतरी वर्षांनी म्हटलं. तो विहिरीत पडलेला असताना वरून कुणी हे ऐकवलं असतं, तर ती निव्वळ क्रूरता झाली असती.

माझ्या मते या विषयाची किल्ली इथेच आहे. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याला सापडायचा असतो, आणि तोही बहुधा उशिरा. तो दुसऱ्याने आणून द्यायची वस्तू नाही.

ईयोबाचे मित्र कुठे चुकले

बायबलमध्ये या प्रश्नावर एक अख्खं पुस्तक आहे. ईयोब सज्जन, धनवान माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, दहा मुलं मरतात. मग अंगभर गळवं उठतात. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात, त्याची दशा पाहून मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत.

इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. पुढचे कितीतरी अध्याय ते ईयोबाला पटवत राहतात की तुझं काहीतरी चुकलं असणार, देव अन्याय करत नाही, कबूल कर म्हणजे सुटशील. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, समोर ये आणि उत्तर दे म्हणतो.

शेवटी देव बोलतो. पण 'का'चं उत्तर देत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे उलट प्रश्न विचारतो. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांतला देव आणि सैतान यांचा स्वर्गातला संवाद माहीत असतो, ईयोबाला तो शेवटपर्यंत कळत नाही. आणि निकाल असा लागतो की देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देव रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी बोलला, तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा बरोबर ठरला आणि देवाची वकिली करणारे चूक.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली साधारण एक तृतीयांश अशीच विलापाची आहेत. विलाप म्हणजे देवापुढे मांडलेलं गाऱ्हाणं: किती काळ, का, तू झोपलास का. येशूचा तो चौथा उद्गारही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. तेव्हा रडणं, चिडणं, जाब विचारणं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं बायबलच्या आधाराने तरी म्हणता येत नाही.

मग हेतू असतो तो कसला?

हेतूबद्दल नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, जे आहे, ते बरंचसं स्वतः मार खाल्लेल्या माणसाने लिहिलेलं आहे. पौलाला फटके बसले, दगडमार झाला, तुरुंग झाला. शिवाय 'शरीरातला काटा' म्हणून तो कशाचा तरी उल्लेख करतो. काय होतं ते सांगत नाही. ते जावं म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि ते गेलं नाही. उत्तर मिळालं: "माझी कृपा तुला पुरे आहे." कृपा म्हणजे देवाने आपली लायकी न पाहता दिलेलं प्रेम आणि बळ. प्रार्थना केली की आजार जातोच, असं सांगणाऱ्या तंबूतल्या सभांना हा उतारा फारसा सोयीचा नसतो, त्यामुळे तिथे तो क्वचितच ऐकायला मिळतो.

पौल म्हणतो, संकटाने धीर येतो, धीराने शील आणि शीलाने आशा. हे आपोआप होतं असं मात्र नाही. त्याच संकटाने माणूस कडवटही होतो, हे आपण रोज पाहतो. दुसरी गोष्ट तो करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो आणि मला ती जास्त खरी वाटते: देव आमचं सांत्वन करतो, ते यासाठी की त्याच सांत्वनाने आम्हाला दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं. डायलिसिसच्या रांगेत पहिल्यांदा आलेल्या माणसाला डॉक्टरपेक्षा शेजारच्या खुर्चीवरचा जुना पेशंट जास्त धीर देतो. "पहिले दोन आठवडे जड जातात, मग सवय होते," हे त्याने म्हटलं तर पटतं. तो अधिकार त्याला पुस्तकातून मिळालेला नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात ख्रिस्ती आणि सगळ्यात अवघड. देव स्वतः येशूच्या रूपाने दुःखात उतरला, म्हणून दुःखात माणूस देवापासून लांब नसतो, उलट येशूच्या अगदी जवळ असतो, अशी ही श्रद्धा आहे. कॅथलिक परंपरा इथून एक पाऊल पुढे जाते. आजारी माणसाने आपलं दुखणं येशूच्या दुःखाला जोडून, दुसऱ्या कुणासाठी तरी, देवाला अर्पण करावं, असं तिथे शिकवतात. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १९८१ साली व्हॅटिकनच्या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून ते वाचले. १९८४ साली त्यांनी याच विषयावर एक सविस्तर पत्र काढलं. प्रोटेस्टंट मंडळी इथे सावध असतात. तारण, म्हणजे पापातून सुटका, येशूच्या मरणाने पुरी झाली, त्यात आपल्या दुःखाची भर घालायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. वसईचा कॅथलिक आणि अहिल्यानगरचा प्रोटेस्टंट यांच्यात हा फरक आहे, पण रुग्णालयात खाटेजवळ बसून दोघे करतात ती प्रार्थना फारशी वेगळी नसते.

बाजरीची भाकरी

हे सगळं हवेत राहू नये म्हणून आपल्याच मातीतलं एक उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं आणि काही महिन्यांच्या अंतरात वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

रमाबाईंनी त्या दिवसांबद्दल पुढे लिहून ठेवलं आहे. तापाने आणि भुकेने खंगलेली आई बाजरीची भाकरी मागत होती. रमाबाई जवळच्या एका ब्राह्मण बाईंकडे गेल्या. मागायची सवय नव्हती, जीभ उचलेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या बाईंनी विचारल्यावर कसंबसं तोंडातून निघालं, बाजरीची भाकरी. भाकरी मिळाली. पण आईला ती खाण्याचीही ताकद उरली नव्हती. आई गेल्यावर खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला.

पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेलं वादळ सर्वांना ठाऊक आहे. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात पोरी रस्त्याकडेला मरत होत्या, काहींना दलाल उचलून नेत होते. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणं कठीण झालं, तेव्हा दौंडजवळच्या केडगावला आपल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या भुकेल्या पोरी पाहून आपले स्वतःचे दुष्काळाचे दिवस आठवले आणि गप्प बसवेना, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

आता कुणी विचारेल: केडगाव उभं राहावं म्हणून देवाने लक्ष्मीबाईंना उपाशी मारलं का? असं उत्तर देणारा देव पूजनीय कसा? ख्रिस्ती श्रद्धेलाही हे उत्तर मान्य होण्यासारखं नाही. दुष्काळाला पावसाची, राज्यकर्त्यांची, बाजाराची कारणं होती. पण बाजरीच्या भाकरीसाठी जिची जीभ अडखळली, तिला दुसऱ्या दुष्काळात कुठे जायचं आणि काय करायचं हे सांगावं लागलं नाही.

"म्हणजे सोसत राहा, हेच ना शेवटी?"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. मार्क्सने धर्माला अफू म्हटलं, ते याच धाग्यावर. आणि इतिहासात ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी हे केलेलंही आहे: गुलामांना आज्ञाधारक राहा सांगितलं, मार खाणाऱ्या बायकांना "तुझा क्रूस उचल" म्हणून परत सासरी पाठवलं. आजही काही पाळक आणि फादर हेच सांगतात. ते चूकच आहे.

टाळता येण्यासारखं दुःख टाळायचंच असतं. शुभवर्तमानांत येशूकडे आजारी माणूस आला आणि येशूने त्याला "आजार जपून ठेव, त्याने तुझं भलं होईल" असं सांगितलं, असा एकही प्रसंग नाही. स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने "हा प्याला माझ्यापासून टळो" अशीच प्रार्थना केली. दुःख मुळातच पवित्र असतं, तर मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढलाच नसता. आणि रमाबाईंनी विधवांना वैधव्याचा आध्यात्मिक अर्थ समजावत बसण्याऐवजी त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं.

नवरा मारत असेल तर पोलीस, वकील, माहेर. गाठ लागत असेल तर डॉक्टर. अर्थाचा शोध सुरू होतो तो हे सगळं करूनही जे उरतं, त्याच्याशी.

आणि अर्थ सापडलाच नाही तर?

बऱ्याच जणांना सापडत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून पाहा. इतर बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, देवाची स्तुती वगैरे येते. हे घेत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच थांबतं. ज्यांनी बायबलची पुस्तकं एकत्र केली, त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं.

रमाबाईंच्या आयुष्याचाही शेवट काही गोड झाला नाही. ऐकू येणं फार आधीपासून कमी झालं होतं. ज्या मनोरमेच्या हाती काम सोपवायचं, ती जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते काम सुरूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मनोरमा का गेली, याचं उत्तर त्या भाषांतरात कुठे नाही.

म्हणून मयताच्या घरी जाताना एवढं पाळलं तरी पुष्कळ. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" हे बोलू नये. "देवाची योजना" तर नाहीच. घरच्यांनी स्वतः म्हटलं तर ऐकावं, मान डोलवावी. पौलाची सूचना सरळ आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. जेवणाचा डबा न्यावा, पोरांना शाळेत सोडावं, विम्याचे आणि मृत्यूच्या दाखल्याचे कागद करून द्यावेत. महिन्याभराने, सगळे पांगल्यावर, पुन्हा जावं.

आणि झोप नाही, अन्न जात नाही, जगणंच नको वाटतंय, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञही हवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. यात श्रद्धेला कमीपणा नाही. एलीया हा मोठा संदेष्टा, पण राणीने जीवे मारायची धमकी दिल्यावर तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. मग तिथेच झोपी गेला. देवदूताने त्याला हलवून जागं केलं आणि म्हटलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो खाऊनपिऊन पुन्हा झोपला. देवदूताने झोपू दिलं, दुसऱ्यांदा उठवलं आणि पुन्हा जेवायला घातलं. एलीयाला पुढे काय करायचं आहे, हे देवाने सांगितलं ते त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर.